स्पॅनिशचा पहिला तास: रुमाल, राजमा आणि तीन दुःखी वाघ

प्रश्न पाठवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-२ पातळी पास झाली आणि आता नाशिकला स्वतःची पहिली ए-१, म्हणजे अगदी नवशिक्यांची, बॅच सुरू करते आहे. शनिवारी संध्याकाळी ५ ते ७, एकूण १८ जण, सगळ्यात लहान १७ वर्षांचा, सगळ्यात मोठे ६३ वर्षांचे. ती विचारते, "ताई, पहिल्या दिवशी आइसब्रेकर म्हणून काय घेऊ? नेटवर ढिगाने खेळ आहेत, पण निम्मे खेळायला आधी स्पॅनिश यावं लागतं आणि उरलेले इंग्रजीतच होतात."

अगं, अर्धं उत्तर तूच दिलंस. जो खेळ इंग्रजीत होतो तो आपल्या कामाचा नाही, मग त्यात कितीही हशा पिकू दे. तुझ्याकडे येणाऱ्या माणसांना एकमेकांची लाज तितकीशी वाटत नसते. चहाच्या सुट्टीत ती आपोआप बोलायला लागतात, कोण कुठल्या कॉलेजचा, कोणाचा मुलगा कुठे, सगळं निघतं. लाज वाटते ती स्वतःच्या तोंडाची. मोठ्या माणसाला तर फारच. तीस वर्षं बँकेत सही मारलेल्या गृहस्थाला लहान मुलासारखं "ओला", म्हणजे 'हॅलो', म्हणायचं असतं, तेही १७ वर्षांच्या पोरासमोर. पहिल्या दिवशी घालवायचा संकोच तो हा.

म्हणून खेळ निवडताना मी एकच हिशेब करते: यात एकेकाचं तोंड स्पॅनिशमध्ये किती वेळा उघडेल? सगळ्यांना गोलात बसवून 'आपली ओळख करून द्या' म्हटलं, तर १८ जणांना मिनिटभर धरून १८ मिनिटं गेली. त्यात प्रत्येक जण १ मिनिट बोलला आणि १७ मिनिटं घाबरून बसला. तो दुसऱ्याचं ऐकतही नसतो, मनातल्या मनात स्वतःचं वाक्य घोकत असतो. 'दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी' हा सगळीकडे सुचवला जाणारा खेळ पुढच्या, ए-२ पातळीच्या पहिल्या दिवशी मी आवर्जून घेते, फार मजा येते. ए-१ला तो देऊ नकोस. ज्याला 'माझ्याकडे' कसं म्हणायचं हे माहीत नाही, तो खोटं तरी कशात बोलणार?

सुरुवात दारातून कर. खुर्चीत बसून हजेरी घेऊ नकोस. दारात उभी राहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला "बुएनास तार्देस", म्हणजे 'शुभ संध्याकाळ', म्हण. तो "हाय" म्हणेल, "नमस्कार मॅडम" म्हणेल, नुसता हसेल. तू हसत पुन्हा तेच म्हण आणि थांब. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो तेच परत म्हणतो. झालं, वर्गात पाय ठेवायच्या आधी तो स्पॅनिश बोलला, आणि ऐकायला तू एकटीच होतीस. पहिलं दहा मिनिटांचं काम एवढंच. त्यानंतर मात्र हट्टाने पूर्ण तास स्पॅनिशमध्येच रेटू नकोस. तसा 'फक्त स्पॅनिश'चा सोवळेपणा मी पहिली काही वर्षं पाळला. लोक तासभर कौतुकाने बघत राहायचे आणि दुसऱ्या शनिवारी चार खुर्च्या रिकाम्या असायच्या.

मग रुमाल. चांगला मोठा सुती रुमाल घे, दोन गाठी मार. आपल्याकडे 'आईचं पत्र हरवलं' न खेळलेला माणूस सापडणं कठीण, त्यामुळे रुमाल हातात दिसला की चेहरे तसेही सैल होतात. (मी आधी टेनिसचा चेंडू वापरायचे. तो एकाच्या चष्म्यावर बसला तेव्हापासून रुमाल.) सगळे उभे, गोल करून. तू म्हणायचं "मे यामो" ('माझं नाव') आणि आपलं नाव, आणि रुमाल टाकायचा. ज्याच्याकडे आला त्याने तेच म्हणायचं आणि पुढे टाकायचा. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत टाकताना विचारायचं, "कोमो ते यामास?", म्हणजे 'तुझं नाव काय?' तिसरीत खरी गंमत: ज्याच्याकडे टाकायचा त्याचं नाव आठवून "तू ते यामास" ('तुझं नाव') आणि ते नाव म्हणायचं. नाव चुकलं तर रुमाल परत. तीन फेऱ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात १८ नावं तुझीही पाठ होतात.

इथे एक चूक हमखास ऐकू येईल: "मे यामो एस हेमंत." तो 'एस' म्हणजे इंग्रजीतला 'इज' गुपचूप आत घुसलेला. थांबून व्याकरण सांगू नकोस. 'मे यामो' म्हणजे 'मी स्वतःला म्हणवतो', त्यात 'आहे' नाहीच, हे तू तिसऱ्या-चौथ्या तासाला सांगशील. आत्ता फक्त रुमाल परत त्याच्याकडे टाक आणि आपलं वाक्य बरोबर म्हण. दुसऱ्यांदा तो सुधारतो. नाही सुधारला तरी आभाळ कोसळत नाही.

आता माझा सगळ्यात लाडका खेळ. वीस वर्षांत तो एकदाही पडलेला नाही. प्रत्येकाने आपलं नाव, पासपोर्टवर जसं असेल तसं, रोमन लिपीत कागदावर मोठं लिहायचं. तू फळ्यावर चारच नियम लिही: 'एच' मुका. 'जे' म्हणजे घसा खाकरल्यासारखा ख, आणि 'जी'च्या पुढे ई किंवा ए आला की तोही तसाच. 'व्ही' म्हणजे ब. 'डबल ओ' आणि 'डबल ई' ही इंग्रजांची भानगड, इथे दिसेल तितकंच वाचायचं. आता शेजाऱ्याचं नाव मोठ्याने वाचा.

हेमंतचा एमान्त होतो, मोहनचा मोआन, हर्षदचा आर्साद. विजय बिखाय होतो. गीता दोन 'ई' लावून लिहीत असेल तर खेएता, पूजा दोन 'ओ' लावत असेल तर पोओखा. राहुलचं मात्र राउल होतं, आणि राउल हे अस्सल स्पॅनिश नाव आहे, त्यामुळे राहुल त्या दिवशी कॉलर ताठ करून बसतो. वर्षाची बार्सा होते, कारण स्पॅनिशमध्ये 'श' नाही आणि तिथल्या माणसाच्या तोंडी तो 'स'कडे झुकतो. बार्सा म्हणजे बार्सिलोनाचा फुटबॉल क्लब, त्यामुळे फुटबॉलवेडी पोरं टाळ्या वाजवतात. स्वतःच्या नावापासून सुरुवात करायला विसरू नकोस, आधी आपली फजिती. आणि कोणाला आपल्या नावाचं असं झालेलं आवडलं नाही, तर तिथेच थांब. नाव माणसाचं असतं, आपण फक्त वाचायचे नियम शिकतोय.

याच कागदांवरून पुढची पायरी निघते. आपली काही नावं स्पॅनिशमध्ये सरळ शब्द आहेत. मीरा म्हणजे 'बघ!' लता म्हणजे पत्र्याचा डबा. रमा म्हणजे झाडाची फांदी. सीता म्हणजे अपॉइंटमेंट, निदान लॅटिन अमेरिकेत. स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा पहिला उच्चार दातांत जीभ धरून होतो. एक सावधगिरी: वर्गात कोणी माला असेल तर तो अर्थ सगळ्यांदेखत सांगू नकोस. 'माला' म्हणजे 'वाईट', तेही स्त्रीलिंगी. नंतर एकटीला गाठून हसत सांग.

मुलांना स्पॅनिश नावं वाटायची का, हेही तू विचारलं होतंस. प्रकाशला पाको आणि पल्लवीला पालोमा म्हणायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. उद्या हा माणूस माद्रिदला गेला किंवा मेक्सिकोतल्या ग्राहकाशी फोनवर बोलला, तर त्याला प्रकाश हेच नाव त्या भाषेत सांगता यायला हवं, अक्षरं सुटी करून. पाकोचा तिथे काय उपयोग?

नावावरून आडनावाकडे जायचा मोह होईल. होऊ देऊ नकोस. खेळ फार सुंदर दिसतो, ते मला माहीत आहे. स्पॅनिश पद्धतीत माणसाला दोन आडनावं, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. कादंबरीकार गार्सिया मार्केस यांतलं गार्सिया वडिलांकडून आलं, मार्केस आईकडून. स्पेनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. मग 'तुमचं स्पॅनिश पद्धतीचं पूर्ण नाव तयार करा' असा खेळ अगदी सहज सुचतो: आपलं नाव, वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव. मी तो पहिल्याच दिवशी घ्यायचे. एका बॅचमध्ये एक मुलगी कागद कोरा ठेवून बसली आणि दोन मुलं एकमेकांच्या कागदात डोकावून गप्प झाली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महाराष्ट्रात आडनाव विचारणं म्हणजे नुसतं आडनाव विचारणं नसतं. त्यातून जात शोधली जाते, आई-वडील वेगळ्या जातींतले असले तर तेही उघडं पडतं, आणि वडील घरात नसलेल्या मुलाला तर तो कागद भरताना काय वाटत असेल! आता हा खेळ मी दीड महिन्याने, कुटुंबाच्या धड्यात घेते आणि मार्केस किंवा कवी गार्सिया लोर्का अशा प्रसिद्ध माणसांच्या नावांवर घेते. स्वतःचं सांगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सरकारने बंधनकारक केलंय, तो मुद्दा त्या धड्यात आपोआप निघतो आणि गप्पा रंगतात. पण सहाव्या आठवड्यात, पहिल्या दिवशी नाही.

६३ वर्षांच्या गृहस्थांबद्दल तू वेगळं विचारलं नाहीस, पण त्यांच्यामुळे एक प्रसंग नक्की येणार, तयार राहा. बाकीचे त्यांना 'काका' म्हणतील. स्पॅनिशमध्ये 'काका' म्हणजे लहान मुलांची शी. हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून, मोबाइलवर शोधून कळण्यापेक्षा तुझ्याकडून पहिल्या अर्ध्या तासात कळलेलं बरं. मी सरळ त्यांनाच सांगते, आणि आजवर एकाही काकांना राग आलेला नाही. उलट दिवसभर सगळ्यांना तेच सांगत सुटतात. सख्ख्या काकाला स्पॅनिशमध्ये 'तीओ'. स्पेनमधली तरुण मुलं हाच शब्द 'अरे भावा' म्हणावं तसा एकमेकांना वापरतात. वर्गात त्यांचं नाव तीओ पडलं की वर्षभर टिकतं.

त्यांना 'तू' म्हणायचं की 'उस्तेद', हा पेच इंग्रजीच्या वाटेने शिकणाऱ्याला समजावून सांगावा लागतो. आपल्या पोरांना नाही. तू आणि तुम्ही-आपण आपल्या रक्तात आहे. खेळ सोपा: रुमालाची चौथी फेरी, पण समोरच्याला बघून "इ तू?" ('आणि तू?') की "इ उस्तेद?" ('आणि आपण?') हे ठरवायचं. १७ वर्षांचा मुलगा तीओंना बघून आपोआप 'उस्तेद'वर जातो. मग तीओ म्हणतात, "अरे, तू म्हण की." हा संवाद कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला. स्पेनच्या वर्गांत शिक्षकालाही सर्रास तू म्हणतात, कोलंबियातल्या बोगोतात घरातल्या माणसांनाही उस्तेद चालतं, अर्जेंटिनात तू जाऊन 'बोस' येतं, एवढं एका दमात सांग आणि पुढे जा. कोणी विचारलंच की उस्तेदला क्रियापद 'तो'चं का लागतं, तर त्याला जुनी पत्रं आठवून दे. उस्तेद हा 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' याचा झिजलेला अवतार. पेशवाईतल्या पत्रांत समोरच्यालाच लिहिताना 'स्वामींनी आज्ञा केली' म्हणायचे, तसंच हे.

गालाला गाल लावून अभिवादन करतात ते फक्त सांग. स्पेनमध्ये दोनदा, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकदा. करून दाखवायला लावू नकोस, गमतीतही नाही.

आता थोडं बसवायचं आणि शब्दांच्या जोड्या लावायला द्यायच्या. दहा कागदांवर स्पॅनिश शब्द, दहांवर मराठी, आणि एकेका गटाला एकेक संच. याबे, बाल्दे, बिसाग्रा, पागार, पाताता, पापाया, माएस्त्रो, आया, कार्तूचो, पान. समोर चावी, बादली, बिजागरी, पगार, बटाटा, पपई, मेस्त्री, आया, काडतूस, पाव. हे मराठी शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, स्पॅनिशकडून नाहीत, हे स्पष्ट सांगायचं. पण पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे चेहरेपट्टी सारखी. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा तर अगदी १९६१ पर्यंत. तेवढ्या शेजारात चावी-बादली येणारच. 'पागार' म्हणजे पैसे देणे, हे कळलं की नोकरी करणारे लगेच हसतात. 'पान' म्हणजे पाव हा सापळा मी मुद्दाम ठेवते, कोणीतरी त्यासमोर विड्याचं पान शोधतंच. आणि माएस्त्रो म्हणजे शिक्षक. म्हणजे तू यापुढे माएस्त्रा, अर्थात मेस्त्रीण. साबणही यादीत घालावासा वाटेल, कारण तिकडे 'खाबोन' आहे, पण तो आपल्याकडे अरबीतून आला की पोर्तुगीजमधून यावर लोक वाद घालतात. पहिल्या दिवशी वाद नको.

या खेळाचा खरा फायदा शब्दसंग्रह नाही. खेळ संपल्यावर माणसं खुर्चीत मागे रेलतात. भाषा परकी असली तरी अगदीच अनोळखी नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. पहिल्या दिवशी एकच वाक्यरचना शिकवायची असेल तर 'मे गूस्ता' शिकव. 'मी आहे', 'मी राहतो' याच्याही आधी. जगभरातली पुस्तकं ही रचना उशिरा आणतात, कारण ती इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जाते. त्यांच्याकडे ज्याला आवडतो तो माणूस कर्ता असतो, आंबा कर्म. स्पॅनिशमध्ये उलटं. आणि मराठीत? मराठीतही उलटंच!

फळ्यावर एवढंच लिही. मला आंबा आवडतो: मे गूस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात: मे गूस्तान लोस मांगोस. 'मे'च्या जागी 'मला', क्रियापद आंब्याच्या वचनाप्रमाणे. 'आवडतो'चं 'आवडतात' झालं की 'गूस्ता'चं 'गूस्तान'. आणि लक्षात ठेवायला: मे म्हणजे मला, ते म्हणजे तुला. म ला म, त ला त. "ते गूस्ता एल काफे?" म्हणजे "तुला कॉफी आवडते?" उत्तर "सी, मे गूस्ता" नाहीतर "नो, नो मे गूस्ता". शेजारचा म्हणतो "आ मी ताम्बिएन", म्हणजे "मलापण". दोघांनाही आवडत नसेल तर "आ मी ताम्पोको", "मलाही नाही".

हे मराठीतून सांग, कृपा करून इंग्रजीतून सांगू नकोस. मी स्वतः ही चूक वर्षानुवर्षं केली. वर्ग मराठी माणसांचा, शिकवणारी मराठी, आणि समजावत होते इंग्रजीतून, कारण मी ज्या पुस्तकांतून शिकले ती इंग्रजीत होती. परिणाम: अख्खी बॅच इंग्रजी 'आय लाइक'च्या चालीवर "यो गूस्तो" म्हणायची. एक दिवस मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या 'मला आवडतं'सारखंच की!" मी तिथेच डस्टर ठेवलं. तुझ्या बॅचमध्ये मराठी नसलेलेही असतील. त्यांची काळजी नको. हिंदीत 'मुझे पसंद है', कन्नडमध्ये 'ननगे इष्ट', तमिळमध्ये 'एनक्कु पिडिक्कुम्', सगळीकडे 'मला'च आहे. त्यांनाच त्यांच्या भाषेतलं वाक्य म्हणायला सांग, बाकीचे कान देऊन ऐकतात.

खेळ असा. प्रत्येकाला नऊ चौकोनांचा कागद, चौकोनांत शब्द नाहीत, चित्रं: चहाचा कप, कॉफी, आंबा, चॉकलेट, मांजर, पाऊस, क्रिकेटची बॅट, नाचणारा माणूस, कांदा. फळ्यावर नऊ शब्द. आता उठून फिरायचं, एकेकाला गाठून विचारायचं "ते गूस्ता एल ते?" आणि 'सी' म्हणणाऱ्याचं नाव त्या चौकोनात लिहायचं. एका माणसाचं नाव एकदाच. नऊ चौकोन भरले की ओरडायचं. 'एल ते'वर गंमत होते, कारण चहालाही 'ते' आणि तुलाही 'ते', पण पोरं ते स्वतःच शोधतात, आपण मध्ये पडू नये. पंधरा मिनिटांत एकेक जण तेच वाक्य वीसेक वेळा बोलतो, दर वेळी वेगळ्या माणसाशी, उभ्याने, गोंगाटात, आणि कोणाचंच कोणाकडे लक्ष नसतं. ज्याला वर्गासमोर एक वाक्य बोलवत नाही तो इथे बिनधास्त बोलतो. तू मात्र कोपऱ्यात उभी राहा आणि एकही चूक दुरुस्त करू नकोस. हे जमायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.

कांदा मुद्दाम ठेवलाय, 'सेबोया'. नाशिकमध्ये कांद्यावर कोणाला मत नाही असं होणारच नाही.

यानंतर लोक दमलेले असतात, तेव्हा बसून खेळायचा खेळ हवा. मेक्सिकोतली लोतेरिया ही आपल्या हाऊजीची बहीण, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं. तिचे पत्ते ५४, खेळाडूच्या पाटीवर १६ चौकोन, आणि चित्र पुकारलं की त्यावर शेंगेतला दाणा ठेवायचा. राजम्याचं पाकीट ने, शोभून दिसतं. पहिल्या दिवशी ५४ नकोत, बारा पुरे: सूर्य, चंद्र, तारा, झाड, गुलाब, हात, हृदय, कोंबडा, मासा, बेडूक, कलिंगड, मुकुट. पत्ते स्वतः निवड. मूळ संचात माणसांची जुन्या काळातली चार-दोन चित्रं अशी आहेत की आज वर्गात दाखवताना ओशाळायला होतं. पुकारताना नुसतं 'सोल' म्हणू नकोस, 'एल सोल' म्हण, 'ला लूना' म्हण. लिंग समजावायचं नाही, कानावर पडू द्यायचं. कोणीतरी विचारेलच, "चंद्र बाई कसा?" आपला चांदोमामा तिकडे स्त्रीलिंगी, एवढंच सांग, आणि तिकडे नामांना लिंगं दोनच, नपुंसकाची कटकट नाही म्हटलं की वर्ग खूश. बारा पत्त्यांचा डाव दहा मिनिटांत आटपतो.

काही गोष्टी अजिबात नकोत. मुळाक्षरांचं गाणं नको, मोठ्या माणसांना ते बालवाडीसारखं वाटतं. नकाशा लावून 'स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे' हे भाषण नको, ते फी भरायच्या आधी वाचून आलेत. आणि 'तुम्हाला स्पॅनिश का शिकायचंय?' हा प्रश्न गोलात बसवून विचारू नकोस. कोणी नोकरी गेली म्हणून आलेला असतो, कोणी परदेशात दिलेल्या लेकीच्या सासरच्यांशी बोलायला, कोणी नुसतं घराबाहेर पडायला मिळावं म्हणून. सगळ्यांसमोर हे विचारलं की प्रत्येक जण 'मला नवीन भाषा शिकायची आवड आहे' असं सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा मध्यंतरात चिठ्ठी दे, मराठीत लिहा म्हण, नाव नाही लिहिलं तरी चालेल. त्या चिठ्ठ्या घरी जाऊन निवांत वाच. पुढचे तीन महिने उदाहरणं कुठली घ्यायची हे त्यात लिहिलेलं असतं.

वहीत देवनागरीत उच्चार लिहू द्यायचे का? पहिल्या दिवशी खुशाल. आपल्याला फायदाच आहे. रोमन बघितली की लोक 'टाको' म्हणतात आणि 'नो'ला इंग्रजी वळसा देऊन 'नोउ' करतात. 'ताको' आणि 'नो' असं लिहिलं की त आणि ओ स्वच्छ येतात. कुठे फसतं तेही सांग: घशातला तो ख आपला ख नव्हे, आणि स्पेनचा जिभेवरचा थ आपला थ नव्हे. महिनाभराने हात हळूहळू रोमनवर न्यायचा.

ऑनलाइन बॅच कधी घेतलीस तर रुमालाचं काम नाव पुकारून करायचं, आणि चित्रांचा खेळ तिघा-तिघांच्या खोल्या करून. नावं वाचायचा खेळ तिथे उलट जास्त रंगतो, कारण प्रत्येकाच्या चौकटीखाली नाव लिहिलेलंच असतं. बाकी ऑनलाइनचं मला फार प्रेम नाही.

शेवटची पाच मिनिटं वाघांसाठी राखून ठेव. "त्रेस त्रीस्तेस तीग्रेस त्रागाबान त्रीगो एन उन त्रीगाल." तीन दुःखी वाघ गव्हाच्या शेतात गहू गिळत होते. आधी हळू, सगळ्यांनी मिळून, मग भरभर, मग जोडीजोडीने. 'त्र' आपल्याकडे आहेच, त्यामुळे आपली माणसं अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी लवकर पकडतात, हे त्यांना सांग, छाती फुगते. मग म्हण, आता तुमची पाळी, मला मराठीत एखादं अवघड द्या. 'काळे राळे गोरे राळे' येईल, 'कच्चा पापड पक्का पापड' येईल. तूही अडखळ, मुद्दाम नाही, होतंच. मी वीस वर्षांत राळे एकदाही धड मिसळू शकलेले नाही, आणि दर वेळी तीओ किंवा तीआ कोणीतरी उठून मला शिकवतात.

गृहपाठ एकच: घरी जाऊन कोणालातरी वाघ म्हणून दाखवा.

खुर्च्या आधीच भिंतीला लाव, मधे जागा मोकळी हवी. आणि रुमाल दोन ने. एक हमखास पंख्यावर अडकतो.